अति तेथे माती

ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉली ज्या पिनेने आणि कडीने जोडतात, त्या पिनेला ग्रीस लावावे की लावू नये? आणि लावायचे तर किती, कोणते, आणि कसे? प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

वार्षिकांकासाठी लेख मागवल्याची सूचना फलकावर लागली, तेव्हा मी हा विषय मैत्रिणींना सांगितला. त्या हसल्या. "अगं, तू कलाशाखेची विद्यार्थिनी. कविता दे, नाहीतर माथेरानच्या सहलीचे वर्णन दे. ग्रीस कसले लिहितेस!" त्यांचे बरोबरच होते. माझा विषय मराठी. विज्ञान मी दहावीनंतर सोडले. पण ज्या प्रश्नाने घरातली दोन वर्षे खाल्ली, तो प्रश्न समजून घ्यायला मला कुणाची परवानगी लागेल असे वाटले नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा शिकून आलेल्या माणसाने घरच्या कामाचे दोन शब्द लिहावेत, यात वावगे ते काय?

आमचे गाव कर्जत-चौक रस्त्याच्या आत. पावसाळ्यात भातशेती, आणि पाऊस सरला की बाबा ट्रॅक्टर-ट्रॉली भाड्याने चालवतात. विटा, खडी, रेती, पेंढा, कधी लग्नाचे वऱ्हाडसुद्धा. कर्जत-खालापूर भागात दिवाळीनंतर वीटभट्ट्या सुरू होतात, त्या पहिला पाऊस पडेपर्यंत चालतात. आमचे वर्षाचे रोख पैसे त्याच सहा-सात महिन्यांत येतात.

या चैत्रात दोन वर्षे होतील. माझी बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. बाबा विटा भरून भट्टीवरून येत होते, दादा ट्रॉलीवर बसला होता. ओढ्यापलीकडच्या चढावर जोडाची पिन तुटली. ट्रॉली मागे सुटली. दादाने उडी टाकली, ट्रॉली बांधाला अडली, विटा पसरल्या. दादाच्या पायाचे हाड मोडले. माझ्या प्रवेशासाठी आईने डब्यात जपलेले पैसे दवाखान्यात गेले, आणि प्रवेशाचे पैसे पुढे मामांनी भरले.

तुटलेली पिन मी हातात घेऊन पाहिली. वर बोटभर ग्रीस होते. ते फडक्याने पुसल्यावर खाली दिसले, की कडी जिथे टेकते तिथे पिनेला खोल गळा पडला होता. हे एका दिवसात झालेले नव्हते. आता खरी गोष्ट सांगते. ते ग्रीस मी घातले होते. दर रविवारी मी हौसेने डब्यातून ग्रीस काढून पिनेवर थापत असे, जुन्यावर नवे. आजोबा बैलगाडीला वंगण घालायचे, ते मी लहानपणी पाहिले होते. यंत्राला वंगण घालणे म्हणजे त्याची सेवा करणे, अशी माझी समजूत होती.

बाबा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. फक्त एवढेच म्हणाले, "वंगान कमी नाय परला, बाय. नजर कमी परली."

तीन मते

त्यानंतर बाबांनी पिनेला ग्रीस लावणेच बंद केले. नवी पिन आणली, आणि ती कोरडी ठेवायची असा नियम केला. ग्रीस लावले की धूळ चिकटते, धूळ चिकटली की लोखंड खाल्ले जाते, हे त्यांचे म्हणणे.

मामा उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरातून कंटेनरचा ट्रेलर चालवतात. हे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले, आणि तेव्हापासून आमच्या खालापूर-खोपोलीवरून घाटाकडे जाणाऱ्या ट्रेलरांची रांग काही तुटलेली नाही. मामा बाबांना म्हणाले, "दाजी, ग्रीस बंद करून कसं चालेल? माझी प्लेट कोरडी राहिली तर वळणावर स्टिअरिंग फिरत नाही. आम्ही तर वाटीने ग्रीस थापतो."

आणि आजोबा ओटीवरून म्हणाले, की त्यांच्या बैलगाडीच्या आसाला दर मुक्कामाला वंगण लागे, नाहीतर चाक कोस कोस रडत चाले आणि बैल थकत.

पुढे पावसाळा आला. आमच्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. भाद्रपदात ट्रॉली सोडायची वेळ आली तेव्हा कोरडी ठेवलेली पिन भोकातच गंजून बसली होती. बाबांनी आणि शेजारच्या काकांनी घण मारमारून ती काढली. म्हणजे माझी रीत चुकली, आणि बाबांचीही चुकली. मग आजोबा, मामा आणि बाबा या तिघांत खरे कोणाचे? मी ग्रंथालयातून घर्षणावरची पुस्तके काढली, विज्ञानशाखेच्या मैत्रिणीकडून न कळलेले समजावून घेतले, गावातल्या फिटरकाकांकडे बसले. जे उमगले ते असे, की तिघांचेही खरे आहे. मात्र तिघांचे सांधे निरनिराळे आहेत.

वंगण म्हणजे काय करते?

लोखंडाचा पृष्ठभाग हाताला कितीही गुळगुळीत लागला, तरी बारकाईने पाहता तो आमच्या भीमाशंकरच्या डोंगररांगेसारखा उंचसखल असतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर टेकले की खरी टेकण असते ती फक्त शिखरांची. सगळा भार त्या थोड्या शिखरांवर येतो. पृष्ठभाग सरकला की शिखरे एकमेकांत अडकतात, मोडतात. अडकण्याला आपण घर्षण म्हणतो, मोडण्याला झीज. वंगणाने या शिखरांच्या मध्ये एक थर येतो.

ही युक्ती फार जुनी आहे. इजिप्तमध्ये जेहुतीहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात सुमारे ३,९०० वर्षांपूर्वीचे एक चित्र आहे. प्रचंड पुतळा घसरगाडीवर ठेवून शेकडो माणसे ओढत आहेत, आणि घसरगाडीच्या टोकाशी उभा राहून एक जण पुढच्या जमिनीवर पाणी ओतत आहे. २०१४ साली ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवले, की वाळू योग्य प्रमाणात ओली केली तर ओढायला लागणारे बळ जवळजवळ निम्मे होते. मात्र पाणी जास्त झाले तर हा फायदा राहत नाही. योग्य प्रमाण! आमच्या पिनेची सारी कथा या दोन शब्दांत आहे.

आता आजोबांच्या आसाकडे वळू. बैलगाडीचे चाक आसाभोवती गरगर फिरते. आजोबा एरंडेलात भिजवलेली चिंधी वापरत. गाडीखाली बांबूचे नळकांडे लोंबत असे, त्यात वंगण असे. एरंडेल लोखंडाला घट्ट धरून राहते. विमानांची आणि मोटारींची इंजिने नवीन होती तेव्हा त्यांनाही एरंडेलच लागे. कॅस्ट्रॉल या प्रसिद्ध तेलाचे १९०९ सालचे नावसुद्धा एरंडेलाच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नावावरूनच पडले. आजोबांना हे सांगितले तेव्हा त्यांना फार गंमत वाटली.

फिरत्या आसात तेल नेमके काय करते, हे १८८३ साली इंग्लंडमध्ये ब्यूचँप टॉवर यांच्या लक्षात आले, आणि तेही अपघाताने. ते रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. तेल सोडण्यासाठी बेअरिंगला वरून भोक पाडले, तर भोकातून तेल उलटे वर येऊ लागले. त्यांनी बूच मारले, ते उडाले. लाकडाची खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. याचा अर्थ, फिरता आस तेलाला आपल्याबरोबर ओढून निमुळत्या फटीत कोंबतो, तिथे दाब तयार होतो, आणि आस त्या तेलावर उचलला जातो. लोखंड लोखंडाला लागतच नाही. याचे गणित ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली मांडले.

पण यासाठी आस सतत फिरत राहिला पाहिजे. ट्रॉलीची पिन कुठे फिरते? कडी पिनेभोवती वळणावर थोडी डावी-उजवी होते, बांधावर थोडी वर-खाली होते, एवढेच. इतक्या सावकाश आणि तोकड्या हालचालीत तेलाचा दाब तयार होत नाही. उलट ट्रॉलीच्या प्रत्येक हिसक्याबरोबर टेकणीच्या जागेवरचे ग्रीस बाजूला सारले जाते. मी बोटभर थापलेले ग्रीस पिनेच्या चहूबाजूंनी होते. जिथे हवे होते त्या जागी जेमतेम एक पुसट थर राहत होता. म्हणजे थापलेल्यातले बहुतेक सगळे निरुपयोगी होते.

निरुपयोगी असते तरी चालले असते. ते अपायकारक होते.

धुळीचे काय होते?

सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. त्यातली मुख्य खनिजे कठीणपणाच्या मोहस् मापावर ५ ते ६ च्या आसपास येतात. रेतीत आणि विटांच्या मातीत असणारे क्वार्ट्झ ७ वर. साधे पोलाद ४ ते ५. तेव्हा खडीची, रेतीची आणि विटांची धूळ लोखंडाहून कठीण असते. कोरड्या पिनेवर पडलेली धूळ बरीचशी झडून जाते. जाड ग्रीसवर पडलेली धूळ तिथेच रुतते. ग्रीस आणि धूळ मिळून जे तयार होते, ते वंगण नव्हे. कारखान्यात लोखंड घासून गुळगुळीत करण्यासाठी मुद्दाम असाच लेप करतात. तेलात कठीण भुकटी कालवतात. मी दर रविवारी जुन्यावर नवे ग्रीस थापून पिनेभोवती तोच लेप कालवीत होते. 'अति तेथे माती' ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ केली होती. तिचा शब्दशः अर्थ मला पिनेवर दिसला.

झिजण्याचा हिशेब पाहा. २५ मिलिमीटर जाडीची पिन झिजून २० मिलिमीटर झाली, तर डोळ्यांना फरक पाच मिलिमीटरांचा दिसतो. पण तिच्या छेदाचे क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी घटते, आणि वाक सोसण्याची ताकद तर जवळजवळ निम्मी होते. शिवाय पिन झिजली की कडीत पोकळी वाढते. पोकळी वाढली की ट्रॅक्टर सुटताना आणि थांबताना कडी पिनेवर हातोड्यासारखी आपटते. आपटण्याने झीज वाढते, झिजेने आपटणे वाढते. ग्रीस ही पोकळी भरून काढत नाही. ते फक्त आवाज दाबते, आणि खडखडाट हीच तर आपल्याला मिळणारी सूचना असते.

आता भार पाहा. एक वीट तीन किलोची धरली तर हजार विटांचे तीन टन. ट्रॉलीचे एक टन धरा. एकूण ४,००० किलो. दहा फुटांत एक फूट चढणाऱ्या रस्त्यावर ही ट्रॉली सुमारे ४०० किलोच्या बळाने मागे ओढत असते, आणि ते सगळे बळ एका बोटाएवढ्या पिनेवर असते. खड्ड्यात बसणारे हिसके वेगळेच.

कर्जतकरांना चढाचे गणित नव्याने सांगायला नको. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गाचा चढ ३७ फुटांत एक फूट आहे. हजार टनांची गाडी तिथे २७ टनांच्या बळाने मागे ओढते. म्हणूनच तर कर्जत स्थानकावर गाड्यांना मागून ढकलण्यासाठी जादा इंजिने लावण्याची प्रथा पडली, आणि म्हणूनच गाडी तिथे थांबू लागली व आपल्याला फलाटावर वडा खायला मिळू लागला. जुन्या पद्धतीच्या डब्यांना दोन बाजूंना बफर असतात. वळणावर त्यांच्या तबकड्या एकमेकींवर घासतात, म्हणून त्यांनाही ग्रीसचा हात देतात. सांधा कोणताही असो, तो घासत असेल तर त्याला काहीतरी लागतेच.

मामांची प्लेट आणि परदेशातला गोळा

मग मामा वाटीने ग्रीस का थापतात? ट्रेलरच्या पुढच्या भागाखाली सुमारे ५० मिलिमीटर जाडीची एक खुंटी असते, तिला किंगपिन म्हणतात. ती ओढणाऱ्या गाडीवरच्या घोड्याच्या नालासारख्या जाड प्लेटीत अडकते. या प्लेटीला 'पाचवे चाक' असे नाव आहे. पूर्वी घोड्यांच्या चारचाकी बग्गीत पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवे चाक बसवत. त्यावरून हे नाव आले. ट्रेलरचा काही टनांचा भार या प्लेटीवर पसरून टेकतो, आणि प्रत्येक वळणावर तो सगळा भार तिच्यावरून सरकतो. प्लेट कोरडी असेल तर ट्रेलर वळायला नकार देतो आणि चालकाला स्टिअरिंग जड लागते. शिवाय ही प्लेट ट्रेलरच्या पोटाखाली झाकलेली असते, आणि मामांचा रस्ता डांबरी. आमची पिन उघडी, आणि रस्ता भट्टीचा. त्यामुळे मामांना लागते तेवढे ग्रीस आम्हाला चालत नाही. अर्थात मामासुद्धा नवे ग्रीस लावण्याआधी जुने खरवडून काढतात, हे मी त्यांना खोदून विचारल्यावर कळले!

अमेरिका-युरोपात मोटारीच्या मागे होडी किंवा सामानाची छोटी गाडी ओढतात. तिथे पिनेऐवजी मोटारीला पोलादी गोळा असतो, आणि मागच्या गाडीच्या दांड्याला वाटी. वाटी गोळ्यावर बसवून खालून अडकवतात. युरोपात हा गोळा ५० मिलिमीटरांचा असतो. अमेरिकेत एक पूर्णांक सात अष्टमांश इंच, दोन इंच आणि दोन पूर्णांक पाच षोडशांश इंच असे प्रकार आहेत. आपल्या खुब्याचा सांधा असाच असतो, आणि निसर्गाने त्यात वंगणही घातले आहे. गोळा-वाटीच्या सांध्याचे गुण म्हणजे तो सर्व दिशांना हलतो आणि भार वाटीभर पसरतो. तरीही तिथे उत्तर तेच: गोळा स्वच्छ पुसून ग्रीसचा पातळ हात द्यावा, आणि गाडी जोडलेली नसेल तेव्हा गोळ्यावर टोपी घालावी.

याला एक अपवाद आहे, आणि तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे. काही वाट्यांमध्ये ब्रेकसारखे घर्षणाचे तुकडे बसवलेले असतात. मागची गाडी वाऱ्याने किंवा वेगाने डोलू लागली तर ते गोळ्याला घट्ट धरून तिचे डोलणे आवरतात. तिथे घर्षण हाच उपयोग असल्यामुळे गोळा कोरडा ठेवावा लागतो. त्यावर रंगसुद्धा चालत नाही. थोडक्यात, वंगण लावण्याआधी विचारायचे, की या जागी घसरणे हवे आहे की धरणे?

कोणते ग्रीस?

ग्रीस म्हणजे दुसरेतिसरे काही नसून तेल आणि साबण. साबण स्पंजासारखा तेल धरून ठेवतो, आणि दाब पडला की थोडे थोडे सोडतो. हा साबण कशाचा आहे त्यावर गुण ठरतात. सोडियमच्या साबणाचे ग्रीस पाण्याने धुऊन जाते. कॅल्शियमच्या साबणाचे पाण्याला टिकते. लिथियमच्या साबणाचे पाण्यालाही बऱ्यापैकी टिकते आणि उष्णतेलाही. आपल्या कोकणी पावसात पहिला प्रकार बाद. फिटरकाकांनी आणखी एक सांगितले. जिथे हालचाल सावकाश आणि दाब फार, तिथे ग्रॅफाइट किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेले काळसर ग्रीस बरे. त्यातले सूक्ष्म पापुद्रे पत्त्यांसारखे एकमेकांवरून सरकतात, आणि तेल बाजूला दाबले गेले तरी ते टेकणीच्या जागी चिकटून राहतात.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. इंजिनातून काढलेले जुने काळे ऑइल गावोगावी फुकट मिळते म्हणून सर्रास पिनेला लावतात. त्यात इंजिनाच्या झिजेची धातूची भुकटी असते. ते वरचेवर त्वचेला लागणे आरोग्याला घातक आहे. शिवाय पावसात ते वाहून थेट आपल्या भातखाचरात जाते.

आम्ही आता काय करतो

पुष्कळ वादानंतर आमच्या घरी जी रीत ठरली ती येथे देते.

पहिले, ट्रॉली रिकामी आणि सपाट जागेवर हवी. ट्रॅक्टर बंद, ब्रेक ओढलेला, ट्रॉलीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी, दांड्याखाली टेकू. याखेरीज पिनेला हात लावायचा नाही. दांडा पायावर आला तर काय होते, हे आम्हाला कुणी सांगायला नको.

दुसरे, पिन पूर्ण बाहेर काढून तिचे, कडीचे आणि भोकाचे जुने ग्रीस फडक्याने पुसायचे. वाळलेले असेल तर रॉकेल किंवा डिझेलचा बोळा घ्यायचा. लोखंड उघडे दिसले पाहिजे.

तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे, पाहायचे. पिनेवर उभे नख फिरवायचे. नख अडले तर तिथे गळा पडू लागला आहे. पिनेच्या न झिजलेल्या टोकाभोवती दोरा गुंडाळून त्या मापाचा तोडायचा, आणि तोच दोरा मधल्या भागाभोवती गुंडाळायचा. टोके एकमेकांवर चढली तर पिन झिजली. कडीचे भोक गोल आहे की लांबट झाले, जोडाच्या जागी चीर आहे का, हेही पाहायचे. पिन झिजली असेल तर ती बदलायची. भंगारातली सळई कापून पिन करायची नाही.

चौथे, ग्रीस. बोटाच्या टोकाला येईल एवढेच. ते पिनेवर असे चोळायचे की लोखंड चमकावे पण ग्रीसचा थर नजरेला दिसू नये. पिन घातल्यावर बाहेर आलेले पुसून टाकायचे. भट्टीच्या हंगामात आम्ही हे दर आठवड्याला करतो. पावसाळ्यात हात थोडा सढळ ठेवतो, कारण तेव्हा धूळ नसते आणि शत्रू गंज असतो. हा गंजही निव्वळ डाग नव्हे. त्याची भुकटी सांध्यात पडली की तीही लोखंड घासते.

पाचवे, पिनेच्या खालच्या भोकात खीळ घालायची. तार बांधून भागवायचे नाही. आणि ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्यात वेगळी साखळी लावायची. पिन तुटली तरी ट्रॉली साखळीवर राहील. आमच्या ट्रॉलीला पूर्वी साखळी नव्हती.

शेवटी

मूळ प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर असे: ग्रीस लावावे, स्वच्छ पुसून लावावे, पातळ लावावे, आणि पुसताना पाहावे. खरे पाहता यातले ग्रीस लावणे हे सर्वांत कमी महत्त्वाचे काम आहे. ग्रीसच्या निमित्ताने दर आठवड्याला पिन हातात येते, हा त्याचा सर्वांत मोठा फायदा. मी थापत होते तेव्हा पिन कधी हातात घेतलीच नव्हती. घर्षण, झीज आणि वंगण यांच्या शास्त्राला १९६६ साली इंग्लंडमधल्या एका अहवालातून 'ट्रायबॉलॉजी' हे नाव मिळाले. त्याची जाडजूड पुस्तके मी ग्रंथालयात चाळली. बाबा शाळेत चौथीपर्यंत गेले. पण अपघाताच्या संध्याकाळी ते जे एक वाक्य बोलले, त्याच्या पलीकडचे फारसे काही मला त्या पुस्तकांत सापडले नाही. ते वाक्य खरे का आहे, एवढे मात्र सापडले. आणि त्यामुळे पिन कोरडी ठेवण्याचा त्यांचा नियम मी त्यांना बदलायला लावू शकले. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी चौकच्या दुकानातून ग्रीसचा छोटा डबा आणला. मोठा नाही.

दादाचा पाय बरा झाला, पण तो जड ओझे घेऊन चढत नाही. दर रविवारी पिन तोच काढतो आणि पुसतो. नख मी फिरवते. माझे नख लांब आहे म्हणून, असे तो म्हणतो.

वाचकहो, आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी ट्रॅक्टर-ट्रॉली आहे, हे मला ठाऊक आहे, एस. टी. तून येताना ज्या अंगणांत त्या उभ्या दिसतात ती अंगणे आपलीच. हा अंक घरी नेल्यावर वाचून बाजूला ठेवू नये. संध्याकाळी ट्रॉली रिकामी झाली की चाकांना उटी लावावी, पिन काढावी, पुसावी, आणि उजेडात धरून पाहावी.

— द्वितीय वर्ष, कला शाखा